यात्रेतला पाळणा, महामारी आणि कामगार : एक पार्श्वभूमी

विदर्भातील यात्रांचा हंगाम पिकाच्या चक्राशी बांधलेला आहे. सोयाबीन घरात आले, कापसाचे पहिले वेचे विकले गेले की रामटेकच्या त्रिपुरी पौर्णिमेपासून बहिरमची महिनाभराची यात्रा, माघातील चिमूरची घोडायात्रा, महाशिवरात्रीला मार्कंडा आणि शेवटी चैत्रात चंद्रपूरची महाकाली असा क्रम लागतो. आकाशपाळणे, ब्रेक डान्स, ड्रॅगन गाडी, मौत का कुआँ हे सारे या मार्गाने ट्रकवर चढत-उतरत फिरते. शहरातल्या लोकांसाठी कुंपणाआडचे मनोरंजन उद्यान असते, गावाकडच्या लोकांसाठी हेच उद्यान.

ते उभे करणारी आणि चालवणारी माणसे बहुधा सात-आठ जणांच्या टोळीने येतात. त्यांतले बरेच जण मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, बिहारचे. निघताना उचल मिळते, हंगामात आठवड्याला खर्ची, आणि खरा हिशेब होतो तो शेवटची यात्रा उठल्यावर. महामारीत या कामगारांचे जे झाले, त्याचे मूळ या पद्धतीत आहे. 2020 मध्ये गुढीपाडवा 25 मार्चला होता आणि देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच. म्हणजे चैत्री यात्रांच्या तोंडावर, हंगामभराची मजुरी मालकाकडे किंवा ठेकेदाराकडे अडकलेली असताना काम थांबले. लहान मालकही कर्जात होते, हे मान्य केले पाहिजे. पण कर्जाची झळ सर्वांत आधी मजुराच्या हिशेबाला लागली.

आमच्या तालुक्यात नदीकाठच्या पडीत शेतात त्या उन्हाळ्यात एक पाळणा उभाच राहिला होता. डबे उतरवून ओळीने ठेवलेले, आणि पाळण्याच्या सांगाड्याला ताडपत्री बांधून तिच्याखाली सात जण झोपत. ‘बाहेरचे’ म्हणून हापशीवर त्यांनी गावाचे पाणी भरून झाल्यावरच यायचे, असे ठरले होते. ग्रामपंचायतीने धान्य दिले, काही घरांतून भाकरी-बेसन येत राहिले. पण मजुरीची गोष्ट निघाली की मालकाकडून फोनवर एकच उत्तर येई, सामान राखा, हिशेब पुढे पाहू. रात्री जागून त्यांनी लाखोंचे लोखंड राखले आणि त्या राखणीचा रोज कुणी धरला नाही. एका ताडपत्रीखाली सात माणसांनी सहा फुटांचे अंतर कसे पाळायचे, हे त्यांना सांगायला कुणी आले नाही.

कायद्याने या माणसांकडे कसे पाहिले, हे समजायला मागे जावे लागते. मुंबईतील प्लेगनंतर आलेला 1897 चा साथरोग कायदा महाराष्ट्राने 13 मार्च 2020 रोजी लागू केला. त्या कायद्यात शासनाला निर्बंध घालण्याचे अधिकार आहेत, आदेश मोडणाऱ्याला शिक्षा आहे, सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण आहे. एप्रिल 2020 मधील अध्यादेशाने आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांसाठी कठोर शिक्षेची भर पडली, ती आवश्यकच होती. बंदीमुळे ज्याचे काम जाते त्याच्या पोटाबद्दल मात्र त्यात एक ओळ नाही. 29 मार्च 2020 च्या केंद्राच्या आदेशाने टाळेबंदीतील मजुरी कपात न करता द्यावी असे सांगितले होते, पण तो आदेश 18 मे पासून मागे घेतला गेला. ज्याच्या हाती नेमणुकीचा कागदच नाही, त्याला तो आदेश दाखवून मागणी करणे तोवरही अशक्य होते.

ऑक्टोबर 2020 मध्ये केंद्राने मनोरंजन उद्यानांसाठी नियमावली काढली. मुखपट्टी, अंतर, वारंवार निर्जंतुकीकरण हे सारे तीत आहे. ती प्रवेशद्वार आणि व्यवस्थापक असलेल्या जागेसाठी होती; प्रत्येक फेरीला डब्याची साखळी हाताने लावणाऱ्या, बसणाऱ्या प्रत्येकाच्या हातभर अंतरावर उभ्या राहणाऱ्या यात्रेतील पोरापर्यंत ती पोहोचणे कठीणच होते.

संघटना असली की काय फरक पडतो, हे फ्लोरिडात दिसले. तेथील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड हे मोठे मनोरंजन उद्यान मार्च 2020 मध्ये बंद झाले आणि 11 जुलैपासून टप्प्याटप्प्याने उघडले. कलाकारांच्या संघटनेने नियमित चाचण्यांची मागणी लावून धरली आणि ऑगस्टमध्ये चाचणीची सोय झाल्यावरच त्यांचे कामावर परतणे ठरले. तरीही सप्टेंबरअखेर कंपनीने अमेरिकेतील 28,000 कामगार कमी करण्याची घोषणा केली. यात्रेतल्या टोळीमागे मागणी मांडणारी अशी संघटनाही नव्हती.

आपल्याकडे आधार होऊ शकला असता तो 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याचा. पाच किंवा अधिक असे कामगार असले की तो लागू होई. उचल आणि मजुरी नोंदवणारे छायाचित्रासह पासबुक, गावी जाण्याचा प्रवासभत्ता ही जबाबदारी त्यात ठेकेदारावर होती. पाळण्याच्या टोळीच्या हाती असे पासबुक मी कधी पाहिले नाही. स्थलांतरितांच्या हालांची सर्वोच्च न्यायालयाने मे 2020 मध्ये स्वतःहून दखल घेतली, आणि 26 ऑगस्ट 2021 रोजी असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणी सुरू झाली. सप्टेंबर 2020 मध्ये संसदेने संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत 1979 चा कायदा विलीन झाला, आणि पाचची अट दहावर गेली. ताडपत्रीखाली झोपणारे ते सात जण जुन्या कायद्याच्या आकड्यात बसत होते. नव्या आकड्यात बसत नाहीत.