अर्धवट सोडलंत तरी चालेल: एडीएचडी असणाऱ्यांसाठी हस्तकला-संच कसा वापरायचा

हे पत्रक आधी वाचायलाच हवं असं नाही. खोकं उघडा, हाताला जे बरं वाटेल ते उचला, मन झालं की इथे या. मधूनच वाचलंत तरी समजेल असं लिहायचा प्रयत्न केला आहे.

आम्ही दोघी मिळून हे संच बनवतो. आमच्यातल्या एकीला एडीएचडी (लक्ष हवं तिथे वळवणं अवघड जाण्याची स्थिती) असल्याचं निदान चाळिशीच्या आसपास झालं. दुसरीने तिच्या कपाटातल्या अर्धवट वस्तू वर्षानुवर्षं पाहिल्या होत्या: एक बाही विणलेला स्वेटर, तीन पाकळ्यांवर थांबलेलं भरतकाम, डोकं नसलेला कापडी ससा. एका दुपारी आम्ही त्या सगळ्या वस्तू जमिनीवर मांडून बसलो आणि प्रत्येक वस्तू नेमकी कुठे थांबली ते पाहिलं. जवळजवळ सगळ्या एकाच कारणाने अडल्या होत्या. चार दिवसांचा खंड पडला, आणि पाचव्या दिवशी ‘आता कुठून धरायचं’ हे कळेना. ससा तिला अजूनही आवडत होता. त्यामुळे आमच्या संचांमध्ये बहुतेक सगळा विचार एकाच गोष्टीचा आहे: काम सोडल्यावर परत येणं सोपं कसं होईल.

थोडं एडीएचडीबद्दल

अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर हे नाव १९८७ सालचं. नावात ‘लक्षाची कमतरता’ आहे, पण ज्यांना एडीएचडी आहे ते एखाद्या गोष्टीत असे बुडतात की हाक मारलेली ऐकू येत नाही. खरी अडचण असते ती लक्ष हवं तेव्हा हव्या ठिकाणी वळवण्याची आणि तिथून काढून घेण्याची. मेंदूतल्या डोपामिन या रसायनाशी जोडलेल्या यंत्रणेचा यात वाटा आहे. दूरच्या बक्षिसाची ओढ कमी पडते, समोरच्या नव्या गोष्टीची लगेच लागते. सोबत दोन गोष्टी येतात. एक म्हणजे चालू काम डोक्यात धरून ठेवणारी स्मृती चटकन गळते. दुसरं, वेळेचा अंदाज चुकतो. दहा मिनिटं आणि पाऊण तास आतून सारखेच वाटू शकतात.

जुळ्यांच्या अभ्यासांवरून दिसतं की यात आनुवंशिकतेचा भाग साधारण तीन चतुर्थांश आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘आळशी आहेस’ हे वाक्य ऐकत मोठी झालेली माणसं आमच्याकडे संच मागायला येतात. १९०२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी अशा मुलांवर व्याख्यानं दिली, तेव्हा त्यांनी या स्थितीला ‘नैतिक नियंत्रणातला दोष’ म्हटलं होतं. निदानाची भाषा केव्हाच बदलली. घराघरांतली बोलणी अजून बदलायची आहेत.

हात चालू असले की

मीटिंगमध्ये वहीच्या कोपऱ्यात रेघोट्या ओढणाऱ्याला ‘लक्ष दे’ म्हणतात. प्लिमथ विद्यापीठातल्या जॅकी अँड्रेड यांनी ४० जणांना एक कंटाळवाणा फोन-निरोप ऐकवला. अर्ध्यांना ऐकता ऐकता कागदावरचे आकार रंगवायला सांगितले होते. नंतर विचारल्यावर रंगवणाऱ्यांना २९ टक्के जास्त आठवलं. हा प्रयोग सर्वसाधारण लोकांवर होता. एडीएचडी असलेल्या मुलांबद्दलचा एक अभ्यास सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठातून २०१५ साली आला. ८ ते १२ वर्षांची ही मुलं जितकी जास्त चुळबुळत होती, तितकी स्मृतीच्या चाचणीत चांगली करत होती. एडीएचडी नसलेल्या मुलांत मात्र उलट दिसलं.

तेव्हा फोनवर बोलताना, काही ऐकताना किंवा कुणाची वाट पाहताना संचातलं काम हातात घ्यायला अजिबात संकोच करू नका. समोरच्याला आधी एवढं सांगा, “हात चालू असले की मला नीट ऐकू येतं.”

मुख्य काम क्रोशाचं का आहे

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून सविस्तर लिहितो.

दोन सुयांच्या विणकामात सगळे टाके एकाच वेळी सुईवर ‘जिवंत’ असतात. कधी तीस, कधी शंभर. काम पिशवीत कोंबलं, सुई निसटली, की टाके गळतात आणि शिडीसारखे खालपर्यंत उसवत जातात. क्रोशाच्या साध्या कामात जिवंत असतो तो फक्त एक फास. त्या एका फासात संचातली पिवळी क्लिप अडकवा, म्हणजे काम सहा महिने पिशवीत पडलं तरी उसवणार नाही. सोडून जाणाऱ्या माणसाला याहून क्षमाशील कला आम्हाला सापडली नाही.

नमुना चौकोनाचा निवडला आहे. चार साखळ्या जोडून कडं करायचं. त्यावर तीन साखळ्या घालायच्या (हाच पहिला खांब, म्हणजे उंच टाका), मग कड्यात आणखी दोन खांब आणि दोन साखळ्या. त्यानंतर ‘तीन खांब, दोन साखळ्या’ असं तीनदा करून फेरी जोडून घ्यायची. पुढच्या प्रत्येक फेरीत कोपऱ्यातल्या जागेत तीन खांब, दोन साखळ्या, परत तीन खांब. बाजूच्या प्रत्येक मोकळ्या जागेत तीन खांब. सुई टाक्यात घालायची नाही, जागेत घालायची. त्यामुळे ओळीत किती टाके झाले हे मोजावं लागत नाही. चौकोनाकडे नुसतं पाहिलं तरी पुढची जागा दिसते. मध्येच कुणी हाक मारली तर ‘सत्तेचाळीस की अठ्ठेचाळीस’ हा घोळ उरत नाही.

शिवाय चौकोन तळहाताएवढा असतानाही पूर्ण असतो. एकाचा कपाखालचा रुमाल होतो, चारांची उशी होऊ शकते, आणि एकावरच थांबलात तर तोही एक धड चौकोन आहे. दर फेरीला रंग बदला. नव्या रंगाची ओढ हीच पुढच्या फेरीकडे नेते; तिचा वापर करून घ्यायचा.

लोकर मुद्दाम जाड आणि फिक्या रंगाची दिली आहे, सुई ५ मिलिमीटरची आहे. काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत. पहिल्या आठवड्यात ते टाळाच.

परतीची चिठ्ठी

क्लिपेला एक छोटी चिठ्ठी लावलेली सापडेल. काम ठेवताना तिच्यावर एक ओळ लिहा: ‘हिरवी फेरी, दोन कोपरे झाले, तिसरा पुढे.’ बस. मजकूर इतका साधा हवा की झोपेतून उठून वाचला तरी हात कामाला लागेल. ‘थोडंच राहिलंय’ असलं लिहू नका, त्यातून काही कळत नाही. डोक्यातून गळणारी गोष्ट कागदावर ठेवायची, एवढंच हे काम आहे. पण संचातल्या सगळ्या वस्तूंमधली एकच ठेवायची म्हटली तर आम्ही ही चिठ्ठी ठेवू.

फासा

‘आज काय करू’ या प्रश्नातच अर्धी संध्याकाळ जाते. म्हणून लाकडी फासा. एक पडला तर एक फेरी विणा. दोन: पुढचे तीन रंग निवडून रांगेत ठेवा. तीन: वाळूचं घड्याळ संपेपर्यंत कागदावर रेघोट्या. चार: मातीचा एक गोळा, त्याला वाटेल तो चेहरा. पाच: मणी रंगांप्रमाणे लावा. सहा: आज काहीच करायचं नाही, लोकरीचा गुंडा मांडीवर घेऊन बसा. सहा पडल्यावर मन चुळबुळलं आणि विणायला घ्यावंसं वाटलं, तर खुशाल घ्या.

काही आठवड्यांनी फाशाची गंमत जाईल. ते अपेक्षितच आहे. सोबतच्या कोऱ्या चिकटपट्ट्यांवर नवी कामं लिहून जुन्यांवर लावा, किंवा फासा खोक्यात टाकून विसरून जा. नंतर सापडेल तेव्हा तो परत नवा असेल.

दिवसात जागा करायची ती अशी

‘रोज अर्धा तास हस्तकला’ असा संकल्प कृपया करू नका. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ साली ‘जर-तर’ पद्धतीच्या बेतांबद्दल लिहिलं आहे, ते इथे उपयोगी पडतं: ‘जर अमुक झालं, तर मी तमुक करेन.’ वेळ पाहण्यापेक्षा आधीच घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला नवं काम बांधायचं. चष्मा काढून ठेवला, तर चिठ्ठी वाचेन. दारातून आत येऊन चपला काढल्या, तर फासा टाकेन. पहिलं पाऊल हास्यास्पद वाटेल इतकं लहान ठेवा. चिठ्ठी वाचून काम परत ठेवलंत तरी तो दिवस भरला.

टोपली झाकणाशिवाय दिली आहे, ती तशीच उघड्यावर असू द्या. नीटनेटकेपणासाठी कपाटात गेलेली वस्तू अनेकांच्या मनातूनही जाते. पाहुणे आले तरी टोपली हलवू नका, आम्ही तर म्हणू.

सवय लागायला किती दिवस लागतात, यावर २१ हा आकडा फार फिरतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांना रोजची एक छोटी गोष्ट निवडायला सांगून पाहिलं. कृती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले; कुणाला १८, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ पर्यंत गेला. याच अभ्यासातली दुसरी गोष्ट आम्हाला जास्त मोलाची वाटते: मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात म्हणावा तसा फरक पडला नाही.

म्हणूनच आमच्या संचात तारखांचा तक्ता नाही. रोज एक ओळ विणून वर्षाची शाल करायची पद्धत सुंदर आहे, पण तिच्यात चुकलेला प्रत्येक दिवस कर्जासारखा मागे लागतो. आमची सूचना अशी: ज्या दिवशी आलात त्या दिवसाची ओळ विणा, त्या दिवसाच्या मनाला साजेशा रंगाने. न आलेल्या दिवसांची जागा सोडू नका. शालीला ते कळणार नाही.

संध्याकाळ, आणि थांबणं

एडीएचडी असणाऱ्या बऱ्याच प्रौढांचं शरीराचं घड्याळ उशिराकडे झुकलेलं असतं. रात्री अकराला डोकं ताजं होतं आणि ‘एकच फेरी’ म्हणता म्हणता दोन वाजतात. संध्याकाळच्या विणण्याला म्हणून शेवट हवा आणि तो हाताने करता यायला हवा: फासात क्लिप, चिठ्ठीवर ओळ, सुई टोपलीत, दिवा मंद. याच क्रमाने, दर वेळी.

वाळूचं घड्याळ १० मिनिटांचं आहे. वेळ सरकताना डोळ्यांना दिसावी म्हणून ते दिलं. पण ते वाजत नाही, आणि कामात बुडालेल्या माणसाला संपलेली वाळू दिसत नाही. कुठे पोचायचं असेल, औषध घ्यायचं असेल किंवा गॅसवर काही असेल तर आवाज करणारा गजर लावा. दोन-तीन तास एका जागी बसल्यावर मनगट आणि मान नंतर बोलतात, तेव्हा पाण्याची बाटली टोपलीपासून लांब ठेवा, उठावं लागेल अशी.

एकट्याने सुरुवातच होत नसेल तर कुणाला तरी शेजारी बसवा. त्यांनी विणायला हवं असं नाही, त्यांचं काम त्यांनी करावं. व्हिडिओ कॉलवर गप्प बसलेली मैत्रीणही चालते.

बाकी वस्तूंबद्दल थोडक्यात

माती हवेत वाळणारी आहे, म्हणून लहान लहान सीलबंद पुड्यांत दिली आहे. एका वेळी एकच फोडा. उघडी राहिलेली माती तुमची वाट पाहत नाही.

भरतकामाचं कापड रिंगमध्ये अडकवून ठेवू नका, काही आठवड्यांत वळ पडतो. रिंग सैल करण्याची आठवण चिठ्ठीच्या मागे छापली आहे.

लोकर टोचून बाहुल्या करण्याचं सामान अनेकांनी मागितलं, ते आम्ही देत नाही. त्या सुईला बारीक काटे असतात आणि नजर हलली की ती थेट बोटात जाते.

मणी आणि फासा ३ वर्षांखालच्या मुलांच्या हाती लागू देऊ नका. घशात अडकू शकतात.

एक गोष्ट स्पष्टपणे

हा संच उपचार नाही. एडीएचडीचं निदान मनोविकारतज्ज्ञ किंवा त्यात प्रशिक्षित तज्ज्ञ करतात. त्यात लक्षणं १२ वर्षांच्या आधी दिसत होती का हेही विचारलं जातं, म्हणून लहानपणी तुम्हाला पाहिलेलं कुणी सोबत नेता आलं तर न्या. मिथाइलफेनिडेटसारखी औषधं आणि वर्तनोपचार यांचा अनेकांना फार उपयोग होतो. चालू औषध विणकामाने बरं वाटतंय म्हणून स्वतःहून थांबवू नका. हे वाचताना ‘हे माझंच वर्णन आहे’ असं वाटलं असेल तर डॉक्टरांना भेटाच, प्रौढ वयातही निदान होतं.

क्लिप, फासा, सुई यांपैकी काही हरवलं तर आम्हाला कळवा, दुसरं पाठवू. कसं हरवलं हे आम्ही विचारत नाही. खोकं दोन वर्षांनी पलंगाखाली सापडलं असेल, तरीही कळवा.