मायकोरायझा आणि एंडोफाइट: फ्लास्कमध्ये कोण वाढतं?

‘झाडाच्या आत राहणारी उपयुक्त बुरशी म्हणजे मायकोरायझा’ हे वाक्य शेतीच्या व्हिडिओंपासून स्पर्धा परीक्षेच्या नोट्सपर्यंत सगळीकडे फिरतंय. त्याच दमात पुढे सांगतात की या बुरशीपासून कर्करोगावरचं औषध मिळतं. मायकोरायझा आणि एंडोफाइट या दोन निराळ्या बुरशींची ही सरमिसळ वाचून वाचून कंटाळा आला, म्हणून हे लिहितोय.

मायकोरायझा तुम्हाला माहीतच आहे. डाळिंब, द्राक्ष, केळी करणाऱ्यांकडे या मुळांवरच्या बुरशीचं पाकीट असतंच. तंतू मुळातून बाहेर मातीत पसरतात, स्फुरद आणून देतात, बदल्यात झाडाकडून अन्न घेतात. एवढं पुरे.

एंडोफाइट झाडाच्या आतच राहते. मूळ, खोड, साल, पान, अगदी बीसुद्धा. बाहेरून रोगाचं एकही लक्षण दिसत नाही. पानात सापडली तर ती मायकोरायझा नव्हे, इतकं तर पटकन कळतं.

घोळ होतो तो मुळातल्या बुरशीबाबत, आणि तो सोडवायला एकच प्रश्न विचारा: जिवंत मुळाशिवाय ही वाढते का?

शेतीत वापरतात ती अर्बस्क्युलर मायकोरायझा वाढत नाही. (पाइनच्या मुळांवरच्या मायकोरायझाची गोष्ट वेगळी, त्यातल्या कित्येक आगरवर, म्हणजे डिशमधल्या जेलीसारख्या खाद्यावर, वाढतात.) बटाटा-डेक्स्ट्रोज आगरवर तिचा बीजाणू ठेवला तर तो रुजतो, थोडे तंतू काढतो आणि मूळ सापडलं नाही की थांबतो. लागणारी स्निग्धाम्लं स्वतः तयार करण्याची सोयच तिच्याकडे नाही, ती झाडाकडून घ्यावी लागतात. म्हणून तिचं उत्पादन मक्यासारख्या पिकाच्या मुळांवर कुंडीत घेतात, नाहीतर प्रयोगशाळेत गाजराच्या जनुक-बदललेल्या केसाळ मुळांवर.

बहुतेक एंडोफाइट मात्र आगरवर सहज येतात. पान 70 टक्के अल्कोहोलमध्ये, मग सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवायचं, निर्जंतुक पाण्याने धुवायचं, तुकडे करून आगरवर ठेवायचे. काही दिवसांत कापलेल्या कडेतून तंतू डोकावतात. शेवटच्या धुण्याचं पाणी दुसऱ्या डिशमध्ये टाकायचंच. त्यात काही उगवलं, तर तुमची ‘आतली’ बुरशी पानाच्या पृष्ठभागावरची असू शकते. हा ताळा न दाखवणारे प्रबंध मी तरी बाजूला ठेवतो.

एकदा आगरवर आली की फ्लास्कमध्ये आणि पुढे फर्मेंटरमध्ये वाढवता येते. जैवतंत्रज्ञानाला एंडोफाइटचं आकर्षण आहे ते यासाठी. 1993 मध्ये पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून टॅक्सोमायसिस आंद्रेआनी ही बुरशी मिळाली आणि ती टॅक्सॉल हे कर्करोगावरचं औषध बनवते असं जाहीर झालं. मिळालं ते लिटरमागे काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जांश. बाजारातलं टॅक्सॉल आजही यूच्या पानांतल्या घटकापासून किंवा यूच्या पेशी वाढवून करतात. ‘बुरशीपासून टॅक्सॉल बनतं’ असं बिनदिक्कत लिहिणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

आपल्या सह्याद्रीतला नरक्या हेही असंच उदाहरण. त्याच्यातल्या कॅम्प्टोथेसिन या घटकापासून इरिनोटेकान आणि टोपोटेकान ही कर्करोगावरची औषधं करतात, आणि त्यापायी या झाडाची चोरटी तोड होते. बुरशीकडून ते मिळालं तर झाड वाचेल, म्हणून मला या संशोधनाबद्दल मनापासून आस्था आहे. 2005 साली नरक्याच्या आतल्या बुरशीतून कॅम्प्टोथेसिन मिळाल्याचा निबंध आला. त्यात बुरशीची ओळख एन्ट्रोफॉस्पोरा इन्फ्रिक्वेन्स अशी दिली होती. हे तर अर्बस्क्युलर मायकोरायझाचं नाव! मुळाशिवाय द्रवमाध्यमात वाढणारी बुरशी त्या गटातली कशी असेल? माझ्या मते ओळख चुकली होती. शिवाय अशा बुरशी एका डिशमधून दुसरीत नेत राहिलं की औषधी घटक बनवणं कमी होत जातं, आणि गाडी बहुधा तिथेच अडते.

गोंधळाचं एक समजण्याजोगं कारण आहे, सेरेंडिपिटा इंडिका. थरच्या वाळवंटात सापडलेली ही बुरशी 1998 मध्ये पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका या नावाने जाहीर झाली. मुळात राहते, वाढीला मदत करते, म्हणून तिला सर्रास मायकोरायझाच्या रांगेत बसवतात. पण ती आगरवर मजेत वाढते. ती मुळातली एंडोफाइट आहे.

आता पाकीट उलटं करून पाहा. अर्बस्क्युलर मायकोरायझापुढे ‘सीएफयू’ छापलं असेल तर तो आकडा निरर्थक आहे. सीएफयू म्हणजे डिशवर उगवलेल्या वसाहती मोजणं, आणि ही बुरशी तिथे वसाहत करतच नाही. तिच्यासाठी दर ग्रॅममागे बीजाणू किंवा मुळात शिरू शकणारे जिवंत घटक लिहिलेले हवेत. आणि कोबी, फ्लॉवर, मोहरी, पालक, बीट या पिकांना हे पाकीट घालूच नका. त्यांच्या मुळांशी अर्बस्क्युलर मायकोरायझाचं जमत नाही.