ताठ बॅग आणि मजबूत बॅग: दोन गुणांमधला फरक

चाकांची बॅग विकत घेताना आपल्याकडे एक परीक्षा हमखास केली जाते. बॅगेच्या पोटावर अंगठा दाबायचा. कवच आत गेले नाही तर ती मजबूत, आणि आत गेले तर तकलादू. नाशिकमधील एका दुकानात मी उभा असताना एका गृहस्थांनी अशीच एक हलकी बॅग दाबून पाहिली आणि म्हणाले, “हे तर तेलाच्या रिकाम्या डब्यासारखं आत जातंय. एवढे पैसे मोजून असली लेचीपेची बॅग कशाला घ्यायची?” दुकानदाराने काही न बोलता तळहाताने तीच जागा आणखी जोरात दाबली, चांगला तीन बोटे खोल खळगा पडला, आणि हात काढताच ‘टक्’ असा आवाज होऊन कवच पूर्ववत झाले. “काका, ती दबते म्हणूनच फुटत नाही,” तो म्हणाला. गृहस्थांना ते पटले नाही. त्यांनी शेजारची, दाबून न दबणारी आणि हातात जड लागणारी बॅग घेतली.

दुकानदाराचे म्हणणे बरोबर होते. ते पटणे अवघड जाते, कारण आपण रोजच्या बोलण्यात दोन वेगळ्या गुणांना एकाच शब्दाने ओळखतो. ताठपणा म्हणजे जोर लावला असता वस्तू किती कमी वाकते, याचे माप. मजबुती म्हणजे तुटण्यापूर्वी किंवा कायमची वाकण्यापूर्वी ती किती जोर सोसते, याचे माप. भाजलेला पापड ताठ असतो, पण मजबूत नसतो. विहिरीवरचा दोर पाण्याने भरलेला पोहरा वर्षानुवर्षे ओढतो, म्हणजे तो मजबूत आहे. ताठपणा मात्र त्याच्यात नावालाही नाही. या दोघांच्या जोडीला चिवटपणा हा तिसरा गुण येतो. तुटण्यापूर्वी वस्तू किती ऊर्जा पोटात घेऊ शकते, हे त्यावरून कळते. बॅगेच्या बाबतीत लोक ‘मजबूत’ म्हणतात तेव्हा त्यांना बहुतेक वेळा हा चिवटपणाच अभिप्रेत असतो, आणि अंगठा दाबून ते मोजतात मात्र ताठपणा.

बॅग पडते तेव्हा नेमके काय घडते, याचा हिशेब सोपा आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासात पुष्कळ विमान कंपन्या चेक-इनच्या एका नगासाठी २३ किलोची मर्यादा ठेवतात. अशी भरलेली बॅग सामान चढवताना एक मीटर उंचीवरून कोपऱ्यावर पडली, तर जमिनीला टेकण्याच्या क्षणी तिच्यात सुमारे २२५ जूल ऊर्जा असते. ही ऊर्जा कुठेतरी जिरायलाच हवी. कवच आणि आतले सामान मिळून पाच सेंटिमीटर दबत थांबले, तर सरासरी बल ४५०० न्यूटन पडते, म्हणजे जवळपास ४६० किलो वजनाइतके. तीच बॅग इतकी ताठ असेल की ती पाच मिलिमीटरमध्येच थांबेल, तर बल दहापट होते, म्हणजे साडेचार टनांच्या पुढे जाते. दबण्यासाठी मिळालेले अंतर हीच बॅगेची ढाल असते, आणि ताठपणा वाढवत नेला की ती ढाल पातळ होत जाते.

आता दुकानातल्या लेबलांकडे पाहू. कडक कवचाच्या बॅगांमध्ये एबीएस, पॉलिकार्बोनेट आणि पॉलिप्रॉपिलीन ही तीन प्लास्टिके प्रामुख्याने वापरली जातात. एबीएस आणि पॉलिकार्बोनेट यांचा मूळचा ताठपणा जवळपास सारखाच, म्हणजे साधारण २ ते २.४ गिगापास्कल (ताठपणा मोजण्याचे एकक) असतो. त्यामुळे सारख्याच जाडीच्या आणि आकाराच्या दोन बॅगा अंगठ्याला सारख्याच लागतील. आघाताच्या परीक्षेत मात्र दोघांत मोठी तफावत दिसते. खाच पाडलेल्या पट्टीवर हातोडा मारून केलेल्या प्रमाणित चाचणीत पॉलिकार्बोनेट तुटण्यापूर्वी एबीएसच्या कित्येकदा दुपटीहून अधिक ऊर्जा शोषून घेते. म्हणजे ज्या परीक्षेवर आपण बॅग निवडतो त्या परीक्षेत दोघे सारखे ठरतात, आणि जिथे त्यांच्यातला फरक दिसतो ती परीक्षा दुकानात कोणी घेत नाही. एबीएस जास्त वाकवले की घडीच्या रेषेवर पांढरे पडते, आणि ती पांढरी रेषा म्हणजे आत सूक्ष्म भेगांची सुरुवात झाल्याची खूण असते. वापरलेल्या बॅगेच्या कोपऱ्यांवर असे पांढरे पट्टे दिसले, तर पुढची चीर तिथूनच जाणार असे समजावे. काही बॅगांमध्ये आतला पत्रा एबीएसचा आणि वरचा थर तेवढा पॉलिकार्बोनेटचा असतो. म्हणून लेबलावर फक्त ‘पॉलिकार्बोनेट’ लिहिले असेल, तर कवच पूर्ण त्याच द्रव्याचे आहे का, हे विचारून घेणे योग्य.

पॉलिप्रॉपिलीनची गोष्ट अधिक उद्बोधक आहे. द्रव्य म्हणून ते या तिघांत सर्वांत कमी ताठ, सुमारे १.४ गिगापास्कल, पण ते सर्वांत हलकेही आहे. पॉलिकार्बोनेटचा एक घन सेंटिमीटर १.२ ग्रॅम भरतो, पॉलिप्रॉपिलीनचा ०.९ ग्रॅम. त्यामुळे तेवढ्याच वजनात पॉलिप्रॉपिलीनचा पत्रा एक-तृतीयांशाने जाड करता येतो, आणि सपाट पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. गणित केले तर समान वजनाच्या दोन सपाट पत्र्यांत पॉलिप्रॉपिलीनचा पत्रा पॉलिकार्बोनेटपेक्षा सुमारे १.४ पट अधिक ताठ निघतो. याच द्रव्याच्या ताणलेल्या पट्ट्या कापडासारख्या विणून, उष्णता व दाब देऊन एकजीव करण्याची पद्धत इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात प्राध्यापक इयान वॉर्ड यांच्या गटाने विकसित केली. ‘कर्व्ह’ या नावाने तिचे व्यापारी उत्पादन झाले आणि सॅमसोनाइटने ते द्रव्य बॅगांसाठी वापरले. त्या बॅगांचे कवच हाताला पातळ लागते आणि सहज दबते. पण विणीतले ताणलेले धागे सगळ्या दिशांनी जोर वाटून घेत असल्यामुळे त्यात चीर पुढे सरकणे फार कठीण जाते. अंगठ्याच्या परीक्षेत हे कवच नापास होईल.

घनाचा हा नियम उलट्या दिशेनेही तितकाच कठोर असतो. वजन घटवण्यासाठी कवच दोन मिलिमीटरवरून दीड मिलिमीटर केले, तर वजन पाव हिश्श्याने उतरते. पण ताठपणा निम्म्याहून खाली, म्हणजे ४२ टक्क्यांवर येतो. वाकवून तोडण्याला होणारा विरोध जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्याने मजबुती ५६ टक्क्यांवर थांबते. म्हणजे बॅग हलकी करताना ताठपणा आधी आणि जास्त जातो, मजबुती मागाहून आणि कमी जाते. गेलेला ताठपणा परत मिळवण्यासाठी द्रव्य वाढवावे लागत नाही, आकार बदलून तो मिळतो. पन्हळी पत्रा हे त्याचे आपल्या ओळखीचे उदाहरण. सपाट पत्रा डोक्यावर धरला तर दोन्ही टोकांना लोंबतो. त्याच जाडीचा पन्हळी पत्रा दोन वाशांमधले अंतर सरळ पार करतो, आणि त्यावर पाय देऊन कौले शाकारणारा माणूसही चालतो. बॅगांवरच्या उभ्या पन्हळ्या शोभेच्या वाटतात, पण त्यांचे काम हेच आहे. रिमोवा या जर्मन कंपनीने १९५० मध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या बॅगांवर अशा पन्हळ्या आणल्या. त्यामागे पन्हळी धातूने मढवलेल्या युंकर्स विमानांची प्रेरणा होती.

पन्हळ्यांना एक मर्यादाही आहे. पन्हळीच्या दिशेने पत्रा ताठ होतो, आडव्या दिशेने तो उलट अधिक सहज दुमडतो. म्हणून चांगल्या रचनेत पन्हळ्या कडेपर्यंत न नेता कोपऱ्याआधीच हळूहळू विरवलेल्या असतात.

कोपरा ही या सगळ्या विषयातली सर्वांत नाजूक जागा आहे आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. पॉलिकार्बोनेटचे कवच सहसा पत्रा तापवून, मऊ झाल्यावर साच्यावर निर्वाताने ओढून बनवतात. पोळीचा उंडा एका बाजूला जास्त ताणला की तिथे पोळी पातळ होते, तसाच पत्रा खोल कोपऱ्यात जाताना सर्वांत जास्त ताणला जातो आणि सर्वांत पातळ होतो. म्हणजे बॅग ज्या जागी आपटते, त्याच जागी कवच सर्वांत कमी जाडीचे असते. रिकामी बॅग उघडून, अस्तराची चेन सरकवून, आतून कोपऱ्यावर एक बोट आणि बाहेरून दुसरे बोट ठेवले की हा पातळपणा स्पष्ट जाणवतो. कोपऱ्याची गोलाई मोठी ठेवणे हा त्यावरचा पहिला उपाय. त्यामुळे ताण कमी पडतो, पत्रा कमी पातळ होतो आणि आघाताच्या वेळी बल एका बिंदूवर एकवटत नाही. बॅगेत चार कपडे कमी मावतील, पण ही किंमत रास्त आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

ताठपणा आणि मजबुती यांतली गल्लत कवचापेक्षाही हँडलच्या बाबतीत अधिक होते. चाकांच्या बॅगेचा इतिहासच या दोन गुणांच्या क्रमाने घडला आहे. अमेरिकेत बर्नार्ड सॅडो यांना १९७२ मध्ये चाकांच्या बॅगेचे पेटंट मिळाले, त्या बॅगेला चार लहान चाके होती आणि ओढण्यासाठी पट्टा होता. पट्टा मजबूत होता, पण ताठ नव्हता. त्यामुळे बॅग ओढता येई, वळवता किंवा सावरता येत नसे, आणि वळणावर ती डुलत कलंडे. १९८७ मध्ये नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे वैमानिक रॉबर्ट प्लाथ यांनी बॅग उभी केली, दोन चाके ठेवली आणि आत-बाहेर सरकणारा ताठ दांडा बसवला. बॅगेला ताबा मिळाला तो या ताठपणामुळे.

हँडल पूर्ण बाहेर काढून हलवले की ते डगमगते आणि ग्राहक नाक मुरडतो. काही डगमग मात्र अटळ असते. एकात एक सरकणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांमध्ये थोडी फट ठेवली नाही, तर धुळीचा एक कण अडकला तरी हँडल रुतून बसेल. शिवाय एका टोकाला धरलेल्या दांड्याचे वाकणे लांबीच्या घनाप्रमाणे वाढते, तर त्याच्या बुडाशी पडणारा ताण लांबीच्या सरळ प्रमाणात वाढतो. ८० सेंटिमीटरचे हँडल एक मीटर केले, तर तेवढ्याच जोराला ते जवळपास दुप्पट हलेल, पण तुटण्याचा धोका केवळ पाव हिश्श्याने वाढेल. उंच माणसासाठी केलेले लांब हँडल म्हणूनच कमकुवत वाटते, आणि ते वाटते तितके कमकुवत नसते.

हँडल खरोखर मोडते ते दुसरीकडे. नळीच्या आत एक सळई असते. मुठीवरचे बटण दाबले की ती सळई खालची खिट्टी छिद्रातून मागे ओढते आणि नळी सरकते. पूर्ण बाहेर काढलेल्या हँडलला धरून बॅग रेल्वेच्या पुलाचा जिना चढवली, की बॅगेचा सारा भार त्या बोटभरही नसलेल्या खिट्ट्यांवर आणि नळ्या धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या कप्प्यावर येतो. प्रत्येक पायरीला बसणारा हिसका त्या छिद्राची कड थोडीथोडी झिजवतो, आणि एके दिवशी हँडल बाहेर येते पण अडकत नाही. जिन्यावर बॅग वरच्या किंवा बाजूच्या मुठीने उचलावी, यामागचे कारण एवढेच. रचनाकाराच्या बाजूने उपाय दोन: दोन नळ्या एकमेकींत पुरेशा गुंतून राहतील इतकी लांबी आत ठेवणे, आणि नळीचा व्यास वाढवून भिंत पातळ करणे. तेवढ्याच धातूची नळी दुप्पट व्यासाची केली तर तिचा ताठपणा चौपट होतो आणि मजबुती दुप्पट. पण भिंत फार पातळ झाली तर ती ठोसा लागून चेपते आणि मग आतली नळी सरकतच नाही.

चाकांबद्दल थोडक्यात सांगता येईल. चाकाचा गाभा ताठ हवा आणि धाव मऊ हवी, म्हणून कडक प्लास्टिकवर पॉलियुरेथेनची धाव चढवतात. चाक लहान असेल तर पेव्हर ब्लॉकच्या प्रत्येक सांध्यावर ते अडखळते, आणि तो प्रत्येक धक्का चाकाच्या घरापासून कवचाकडे जातो. तिथे कवचाला छिद्रे पाडलेली असतात. पॉलिकार्बोनेट चिवट असले तरी खाच आणि छिद्र यांच्याजवळ ते हळवे असते, आणि तेलकट द्रव लागला तर ताणाखालच्या छिद्राभोवती त्याला बारीक तडे जाऊ शकतात. त्यामुळे छिद्राच्या आतल्या बाजूला भार पसरवणारी रुंद पट्टी आहे की नुसती वायसर आहे, हे अस्तराची चेन उघडून पाहावे; आणि चाक रिव्हेटने बसवले आहे की स्क्रूने, हेही तेव्हाच पाहावे, कारण स्क्रूने बसवलेले झिजलेले चाक कोणताही बॅग दुरुस्त करणारा पाच मिनिटांत बदलून देतो.