दरडीला ढगफुटी लागत नाही

डोंगर खचला की दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत एक शब्द हमखास येतो : ढगफुटी. मला या शब्दाचा राग येतो. हवामान खात्याच्या लेखी ढगफुटी म्हणजे तासाभरात १०० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस, तोही वीस-तीस चौरस किलोमीटर एवढ्याशा टापूत. खालापूर तालुक्यातल्या इरशाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली, त्याआधीच्या तीन दिवसांत तिथे ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला होता. सरासरी काढली तर तासाला सात मिलिमीटर. एवढ्या पावसात आपण छत्री घेऊन बाजारहाट करून येतो. पण तो तीन दिवस, तीन रात्री थांबला नाही.

ढगफुटी म्हटलं की विषय संपतो. आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे लावणार? तीन दिवसांचा पाऊस मात्र मोजता येतो. वाडीतल्या वाडीत, पत्र्याच्या डब्यातही मोजता येतो. म्हणून हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

दरड का कोसळते, असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं : पाण्याने माती निसरडी झाली. तसं ते नाही. मुरमाच्या दोन ओल्या कणांमधलं घर्षण कोरड्यापेक्षा फारसं कमी नसतं. खरी गोष्ट स्वयंपाकघराच्या ओट्यावर दिसते. ओट्याला थोडा उतार असतोच. त्यावर पाणी पसरा, काचेचा पेला गरम पाण्याने विसळून लगेच पालथा ठेवा. क्षणभर काही होत नाही. मग पेला कुणी हात न लावता सरकायला लागतो. आत कोंडलेली हवा गरम काचेमुळे तापते, फुगते, आणि कडेभोवतीच्या पाण्यामुळे तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही. ती पेल्याला आतून उचलून धरते. पेल्याचं वजन कमी झालेलं नाही, ओटाही आधीइतकाच ओला आहे. कमी झालं ते पेल्याचं ओट्यावर टेकणं, आणि घर्षण चालतं ते या टेकण्यावर.

डोंगरात हवेच्या जागी पाणी असतं, एवढाच फरक. कार्ल टेर्झागी या ऑस्ट्रियन अभियंत्याने १९२५ साली हे सूत्र मांडलं आणि मृदायांत्रिकी हे शास्त्र त्यावर उभं राहिलं : मातीची ताकद तिच्यावरच्या एकूण भारावर ठरत नाही, त्या भारातून पोकळ्यांमधल्या पाण्याचा दाब वजा केल्यावर जे उरतं त्यावर ठरते. कणांच्या मधलं पाणी वजन पेलतं, पण घर्षण देत नाही.

थोडं गणित करू. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, दोन मीटर खोल असा मातीचा ठोकळा घ्या. त्यात चाळीस टक्के पोकळी धरली तर कोरडा असताना त्याचं वजन सुमारे ३.२ टन भरेल. पोकळ्या काठोकाठ भरल्या की ते ४ टन होतं. पण आता तळाशी दोन मीटर उंच पाण्याचा दाब आहे, आणि तो ठोकळ्याला २ टनांनी वर उचलतो. म्हणजे टेकणं उरलं २ टन. ओढणारं वजन ३.२ वरून ४ वर चढलं आणि धरून ठेवणारं टेकणं ३.२ वरून २ वर उतरलं, दोन्ही एकाच वेळी. उतारावर या आकड्यांना कोनाचे साइन-कोसाइन लावावे लागतात, पण पाणी उताराला समांतर झिरपत असेल तर निम्म्याचं गुणोत्तर तेच राहतं. कोरडी असताना ३५ अंशांच्या उतारावर जेमतेम तग धरणारी माती घ्या. ३५ अंशांचा टॅन्जंट ०.७, त्याचा निम्मा ०.३५, आणि हा टॅन्जंट येतो सुमारे १९ अंशांना. म्हणजे चिंब भरलेली तीच माती १९ अंशांच्या वर नुसत्या घर्षणाच्या जोरावर उभी राहू शकत नाही. त्यापुढचा सगळा भार चिकणमातीचा चिकटपणा आणि झाडांची मुळं उचलत असतात.

हा हिशेब मी पहिल्यांदा कागदावर मांडला, तेव्हा डोंगराकडे बघण्याची माझी नजरच बदलली. हिरवागार, शांत उतार दिसला की आता मनात पहिला प्रश्न येतो तो आतल्या पाण्याच्या पातळीचा.

सह्याद्रीची बांधणी या प्रकाराला अगदी सोयीची आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले. काळा कातळ, मध्ये लाल मातीचा पातळ पट्टा, वर पुन्हा कातळ. कड्यावरून सुटलेले दगड आणि माती खालच्या सपाटीवर, पदरावर, साचतात. हाच तो ट्रेकर मंडळींच्या ओळखीचा घसारा. वरून पाणी झरझर मुरतं, खाली कातळाला अडतं, आणि घसारा तळापासून वर भरत जातो. कातळाच्या थरांमधून आडवं झिरपत आलेलं पाणीही त्यातच उतरतं. आता माणसांनी वाड्या कुठे वसवल्या ते बघा. जिथे माती आहे आणि बारमाही झरा आहे, तिथेच, पदरावर. ज्या मातीपाण्यासाठी वस्ती तिथे गेली, तेच माती-पाणी तिच्या डोक्यावर आहे.

पाणी भरायला वेळ लागतो. आंबेगाव तालुक्यातलं माळीण ३० जुलै २०१४ ला सकाळी गाडलं गेलं. दीडशेच्या वर माणसं गेली, आणि गाव जागेवर नसल्याचं पहिल्यांदा एका एसटी चालकाच्या लक्षात आलं. महाड तालुक्यातलं तळीये २२ जुलै २०२१ ला. इरशाळवाडीत २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं सापडलीच नाहीत आणि शोध थांबवावा लागला. तिन्ही घटना जुलैच्या उत्तरार्धातल्या आहेत. तोवर जून आणि अर्धा जुलै जमिनीत मुरलेला असतो, पोकळ्या निम्म्याशिम्म्या भरलेल्या असतात, आणि मग सलग दोन-तीन दिवसांची झड पुरते.

किती पावसाला धोका, याचं एक जागतिक सूत्र नेल केन यांनी १९८० साली ७३ दरडींच्या नोंदींवरून काढलं. त्यानुसार २४ तास सलग पाऊस असेल तर साधारण १०० मिलिमीटरपासून सावध व्हावं. महाबळेश्वर किंवा लोणावळ्याला हा आकडा पावसाळ्यातला नेहमीचा आहे, तो धरून बसलं तर रोज गाव रिकामं करावं लागेल. जिथे शतकानुशतकं धो धो पाऊस पडतो, तिथले उतार त्या पावसाला सरावलेले असतात, कारण जे सरावले नाहीत ते केव्हाच खाली आले. म्हणून आकडा त्या त्या खोऱ्याचा हवा, आणि त्यासाठी त्या त्या खोऱ्यातली नोंद हवी.

गावदेवी कोपली, असं म्हणणाऱ्यांचं दुःख मी समजू शकतो, पण ते कारण मला मान्य नाही. उपग्रहावरून दरडीची तारीख सांगतो म्हणणारे मोबाइलवरचे संदेशही तितकेच पोकळ. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवण भागांचे नकाशे मोलाचे आहेत, पण ते कोणता उतार नाजूक ते दाखवतात, कोणत्या रात्री सुटेल ते सांगत नाहीत. आणि इरशाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे सरकारनेच विधिमंडळात सांगितलं होतं. यादीत नाव नाही म्हणून निर्धास्त झोपू नये.

झाडं लावा, हा सल्ला बरोबर आहे, पण अर्धा. मुळं वरच्या मीटर-दोन मीटर मातीला शिवून ठेवतात. त्याखालून सुटणाऱ्या दरडीला ती अडवू शकत नाहीत. झाड तोडलं तरी मुळं लगेच जात नाहीत, काही वर्षांत कुजतात, आणि धोका तेव्हा वाढतो. दुसरी गोष्ट जरा कडू आहे. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा दुष्काळी माळासाठी सोन्यासारखी आहे, पण घरांच्या डोक्यावरच्या तीव्र उतारावर जिरवण्याचे चर खणले की आपण आपल्या हाताने त्या पोकळ्या भरतो. तिथे पाणी जिरवायचं नसतं, उतरत्या पक्क्या गटारीने बाजूला काढून ओढ्याला लावायचं असतं.

आता डबा. सरळ उभ्या भिंतींचा, तोंड आणि तळ सारख्याच मापाचा कोणताही डबा उघड्यावर ठेवा, झाडापासून आणि पागोळ्यांपासून लांब. रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाण्याची उंची मोजा, वहीत लिहा, डबा रिकामा करा. त्या दिवसाचा आकडा आणि मागच्या तीन दिवसांची बेरीज, दोन्ही लिहा. हवामान खात्याच्या भाषेत दिवसाला २०४.४ मिलिमीटरच्या वर गेलं की तो अत्यंत मुसळधार पाऊस. पण लक्ष ठेवायचं ते बेरजेवर. दोन-तीन पावसाळ्यांची वही झाली की आपल्या वाडीचा नेहमीचा पाऊस किती आणि यंदाचा त्यापलीकडे कधी गेला, ते दिसायला लागतं.

वहीबरोबर डोंगर वाचायचा. वरच्या अंगाला कमानीसारखी भेग पडली, तर तिच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोकून मधलं अंतर रोज सुतळीने मोजावं. भेगेत पाणी जाऊ नये म्हणून ती चिकणमाती ठासून बुजवावी, वरून येणारं पाणी वळवावं. नवा झरा फुटला, जुना अचानक आटला किंवा गढूळ झाला, विजेचे खांब कलले, कालपर्यंत लागणारं दार चौकटीत अडकायला लागलं, तर आत काहीतरी हललं आहे. सुतळी एका दिवसात बोटभर जरी वाढली, तरी ती रात्र त्या घरात काढायची नाही. शाळेत, देवळात, पलीकडच्या सोंडेवरच्या, म्हणजे डोंगराच्या उतरत्या धारेवरच्या, नातेवाइकांकडे, कुठेही, पण अंधार पडायच्या आत. जागा आणि वाट मे महिन्यातच ठरवून, म्हाताऱ्या माणसांना कोण धरून नेणार हेसुद्धा ठरवून ठेवलेलं असावं. वरून झाडं मोडल्यासारखा आवाज आला तर ओढ्याच्या वाटेने खाली पळायचं नाही, दरड त्याच वाटेने येते. उताराला आडवं, बाजूच्या सोंडेकडे जायचं. आणि पाऊस उघडला म्हणून लगेच परतायचं नाही. वरचं पाणी खाली झिरपत असतं तोवर तळाचा दाब वाढत राहू शकतो. खुंट्यांमधली सुतळी थांबली आहे का, ते दिवसाउजेडी आणि भेगेच्या बाजूने जाऊन आधी बघायचं.