आकडा सांगायचा नाही

बडोद्याच्या कमाटीबागेतल्या संग्रहालयात एक अवजड शिळा आहे. गुलाम महंमद ऊर्फ गामा पहिलवानाने ती १९०२ साली बडोद्यात उचलली, असं तिच्यावर कोरलेलं आहे. वजन बाराशे किलोच्या आसपास सांगतात. जमिनीपासून किती वर आणि किती क्षण, हे विचारायची पद्धत नाही. बागेबाहेरच्या रस्त्याने रोज पहाटे पाचला जी मंडळी धावत जातात त्यांचं मात्र उलट आहे. किती किलोमीटर झाले, किलोमीटरला किती मिनिटं लागली, हृदयाचे ठोके किती, चढावर (बडोद्यात चढ म्हणजे उड्डाणपूल) दम कुठे लागला, हे सगळं ते घरी पोचायच्या आत ग्रुपवर आलेलं असतं. कुणाच्या पोटरीत गोळा आला, कुणाला धावताना घ्यायचं एनर्जी जेल पचलं नाही, कुणी लाँग रननंतर दोन प्लेट सेव-उसळ खाल्ली, याचीही नोंद होते. पन्नास जण वाचतात आणि त्यातले निम्मे सल्ले देतात.

या सवयीचं मूळ शोधायला गेलं तर दोन धारा सापडतात, आणि त्यांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत.

पहिली धारा तालमीची. माझे आजोबा दांडिया बाजारच्या तालमीतले. जोर मोजायला ते बाजूला खडे मांडून बसत. पंचवीस झाले की एक खडा पलीकडे. किती खडे सरकले हे त्यांनी आजीलाही कधी सांगितलं नाही. ‘आकडा सांगायचा नाही, नजर लागते,’ एवढंच. खुराकाबद्दलही तीच गुप्तता. मेहनत चार भिंतींच्या आत, मातीत, मारुतीसमोर आणि वस्तादाच्या नजरेखाली. बाहेर दिसायची ती फक्त कुस्ती.

बडोद्याच्या संस्थानात या मेहनतीला आश्रय होता. खंडेराव गायकवाडांना (कारकीर्द १८५६ ते १८७०) कुस्तीचं आणि साठमारीचं वेड. साठमारीत मस्तीत आलेल्या हत्तीला पायी माणसं डिवचत आणि हत्ती अंगावर आला की अगडाच्या (झुंजीच्या रिंगणाच्या) भिंतीतल्या छोट्या दारांतून निसटत. आमच्या ग्रुपमधला एकजण याला बडोद्यातलं पहिलं इंटरव्हल ट्रेनिंग (जोरात धाव, दम घे, पुन्हा धाव) म्हणतो. गंमत सोडली तर मुद्दा असा की धावणं हे तेव्हा कुठल्या तरी कामाचा भाग होतं. हरकारा, साठमार, शिपाई धावत. नुसतं धावण्यासाठी धावणारा माणूस लोकांना वेडाच वाटला असता.

पुढे सयाजीराव महाराजांच्या काळात जुम्मादादांची व्यायामशाळा नावारूपाला आली ती त्यांचे शिष्य राजरत्न माणिकराव यांच्यामुळे. आज मॅरेथॉन पळणाऱ्या बडोदेकरांना माणिकराव फार तर चौकाच्या किंवा संस्थेच्या नावापुरते माहीत असतात, ही मला खंत वाटते. मल्लखांब, लाठी, लेझीम यांना त्यांनी सामुदायिक शिस्तीत बसवलं आणि कवायतीचे हुकूम इंग्रजीऐवजी हिंदीत आणले. हाडं आणि स्नायूंच्या दुखापतींवर उपचार करण्यातही त्यांचा हात प्रसिद्ध होता. म्हणजे व्यायाम करणाऱ्याने आपल्या मोडतोडीबद्दलही जाणकाराशी बोलावं, ही सोय तालमीतच होती. फक्त ते बोलणं खाजगी असे.

हा खाजगीपणा मोडला तो माणिकरावांच्याच एका शिष्याने. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे पुढचे स्वामी कुवलयानंद, १८८३ साली संस्थानातल्या डभोईत जन्मले. १९०७ ते १९१० ही वर्षं त्यांनी माणिकरावांकडे मेहनत केली. नंतर नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासांकडे योग शिकले. इथवरची गोष्ट गुरुशिष्यांच्या कुठल्याही गोष्टीसारखी आहे. पण १९२३-२४ च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या सरकारी इस्पितळात क्ष-किरणांच्या यंत्रासमोर उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रिया करवून घेऊन पाहिली. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा खाली जातो, हे त्यांनी मोजून दाखवलं आणि त्या निर्वाताला गुरूंचं नाव दिलं. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि सोबत नियतकालिक सुरू करून हे आकडे छापायला लागले. मनगटावरचं घड्याळ काढून ज्यांनी एखाद्या रविवारी धावून पाहिलंय, त्यांना आकड्याचं हे व्यसन कळेल. आपल्याकडे त्याची सुरुवात घड्याळापासून झाली असं मानलं जातं. माझ्या मते ती इस्पितळातल्या त्या खोलीत झाली.

त्याला जमीनही तयार होती. संस्थानात १९०६ पासून सक्तीचं प्राथमिक शिक्षण होतं, १९१० नंतर गावोगाव ग्रंथालयं उभी राहिली. वाचणारा माणूस होता, म्हणून व्यायामाबद्दल लिहिणाराही निघाला. द. चिं. मुजुमदारांचा दहा खंडांचा मराठी ‘व्यायाम ज्ञानकोश’ १९३६ ते १९४९ या काळात बडोद्यातूनच निघाला. जोर-बैठकांपासून जंबिया या वाकड्या खंजिरापर्यंत तालमीतली विद्या त्यात उघडी करून ठेवली आहे. तिकडे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतःच्या सूर्यनमस्कारांचा अनुभव सांगत आणि लिहीत फिरत होते. राजानेच आपली दिनचर्या छापली म्हटल्यावर नजर लागण्याची भीती थोडी कमी झाली असावी.

दुसरी धारा विलायतेची, आणि तिची सुरुवात फारशी सुंदर नाही. ‘अमॅच्युअर’ या शब्दाचं मराठी आपण ‘हौशी’ असं करतो, पण त्यात मोठी सफाई होते. लंडनमध्ये १८६६ साली निघालेल्या अ‍ॅथलेटिक क्लबाच्या व्याख्येत कारागीर आणि मजूर हौशी ठरतच नव्हते. हाताने काम करणारा तो बाहेरचा, मग त्याने पैशासाठी धाव घेतलेली असो वा नसो. आपल्या हौसेला अशी अट नाही. हौशी नट, हौशी गवई असतो तसा हौशी धावपटू. दिवसा बँकेत किंवा कारखान्यात, पहाटे रस्त्यावर.

ही दोन जगं एकमेकांना भेटली ती पुण्यात. डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत शेतकरी मुलं अनवाणी लांबच लांब पळतात हे अध्यक्ष दोराबजी टाटांनी पाहिलं. त्यांच्या वेळा युरोपातल्यांच्या जवळ जातात हे लक्षात आल्यावर १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला संघ पाठवायची खटपट झाली. बेळगावकडच्या फडेप्पा चौगुल्यांनी तिथे मॅरेथॉन २ तास ५० मिनिटांत पूर्ण केली आणि १९ वा क्रमांक मिळवला. अंतर होतं ४२.७५ किलोमीटर, कारण ४२.१९५ हा आकडा १९२१ मध्ये पक्का झाला. आज पायात वीस हजारांचे बूट घालून आमच्यातले बहुतेक जण चार तास फोडायला धडपडतात, ते बघता त्या १९ व्या क्रमांकाकडे नीट बघायला हवं. वाईट याचं वाटतं की चौगुल्यांचा सराव कसा होता, काय खात, कुठे पळत, हे कुणी लिहून ठेवलेलं माझ्या तरी वाचनात नाही.

सराव लिहून ठेवणारा एक मोठा हौशी धावपटू आर्थर न्यूटन. हाही १८८३ चाच. दक्षिण आफ्रिकेतला शेतकरी. सरकारशी जमिनीवरून भांडण होतं. नाव झालं तर वर्तमानपत्रं आपलं ऐकतील, या हिशेबाने त्याने १ जानेवारी १९२२ पासून पळायला सुरुवात केली आणि मे महिन्यात कॉम्रेड्स ही सुमारे ८८ किलोमीटरची शर्यत जिंकली. तेव्हा वय ३९. (गोऱ्या जमीनदाराची ती तक्रार आज वाचताना अवघडल्यासारखं होतं, पण तो विषय वेगळा.) ही शर्यत आदल्याच वर्षी सुरू झालेली, ३४ जण सुटले आणि १६ पोचले. न्यूटनने ती पाच वेळा जिंकली आणि १९३५ मध्ये आपली पद्धत पुस्तकात मांडली. सार एवढंच की हळू पळा, रोज पळा, भरपूर पळा. आपले कोच लोक ‘इझी रन’ म्हणून जे घोकून घेतात, त्याची मुळं इथे आहेत. संथ आणि लांब पळण्याने स्नायूंतल्या केशवाहिन्या वाढतात, चरबी जाळण्याची क्षमता वाढते आणि साठवलेली साखर पुरवून वापरता येते. ती साखर संपली की तिसाव्या किलोमीटरच्या आसपास पाय शिशाचे होतात. न्यूटनला यातलं शरीरशास्त्र ठाऊक नव्हतं, त्याने स्वतःवर करून पाहिलं होतं.

तसंच स्वतःवर करून पाहणारा न्यूझीलंडचा आर्थर लिडियर्ड. बुटांच्या कारखान्यात काम करायचा. आठवड्याला शंभर मैलांचा त्याचा पाया १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये सिद्ध झाला. त्याच्या शिष्यांनी ८०० आणि ५००० मीटरला सुवर्ण, मॅरेथॉनला कांस्य मिळवलं. पण आमच्यासारख्यांवर त्याचे उपकार वेगळे आहेत. त्याने ऑकलंडमध्ये सुटलेल्या पोटाच्या, हृदयविकाराच्या मध्यमवयीन माणसांना संथ पळायला लावलं. १९६२ मध्ये अमेरिकेचे प्रशिक्षक बिल बॉवरमन तिथे गेले आणि सत्तरी ओलांडलेल्या एका हृदयरोग्याने त्यांना मागे टाकलं. घरी परतून त्यांनी ‘जॉगिंग’ अमेरिकेत नेलं. पळणं हे बक्षिसासाठीच असतं, ही समजूत तिथे मोडली.

आपल्याकडे ही लाट उशिरा आली. मी लहान असताना बडोद्यात खेळ म्हणजे क्रिकेट, आणि कमाटीबागेत पहाटे फिरणारे म्हणजे डॉक्टरांनी दटावलेले. कुणी धावताना दिसला तर तो पोलीस भरतीचा मुलगा असे. शिवनाथ सिंगांनी १९७८ मध्ये जालंधरला मॅरेथॉन २ तास १२ मिनिटांत पळून देशाचा विक्रम केला होता, पण त्याने कोणी बँकेतला कारकून बूट बांधायला उठला नाही. तो उठला २००४ च्या मुंबई मॅरेथॉननंतर. शुक्रवारी रात्री वडोदरा एक्सप्रेसने निघायचं, शनिवारी बिब (छातीवर लावायचा क्रमांक) घ्यायचा, रविवारी पेडर रोडच्या चढाला शिव्या घालायच्या आणि सोमवारी ऑफिसात लंगडत फिरायचं, हा बडोद्यातल्या पहिल्या फळीचा क्रम. मग आपल्याच गावात मॅरेथॉन सुरू झाली आणि नवलखीच्या मैदानावर शेजारचे जोशीकाकाही बिब लावून दिसायला लागले.

बायकांना ही दारं उघडायला फार वेळ लागला. बॉस्टन मॅरेथॉनने त्यांना १९७२ मध्ये अधिकृत प्रवेश दिला, ऑलिंपिकमध्ये तर महिलांची मॅरेथॉन १९८४ मध्ये आली. त्यांना एवढं अंतर झेपणार नाही, असं कारण पुढे करत. मंगळागौर जागवणाऱ्या आमच्या माम्या-मावश्यांना हे सांगायला कुणी गेलं नाही, ते बरंच झालं. आणि बडोद्याची मुलगी तर नऊ रात्री तीन-तीन तास गरबा खेळते, तोही अनवाणी. ग्रुपवरचं सर्वांत नेमकं लिखाण आज बायकांचंच असतं. पाळीच्या दिवसांत सराव कसा बदलला, बाळंतपणानंतर किती महिन्यांनी पाच किलोमीटर जमले, हे कुठल्याही वस्तादाने कधी सांगितलं नव्हतं.

राहिला आयर्नमॅन. १८ फेब्रुवारी १९७८ ला हवाईत १५ जण सुटले, १२ पोचले. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० सायकल, ४२.२ धावणं. स्पर्धकांना दिलेल्या हाती लिहिलेल्या नियमांच्या कागदावर अंतरांखाली ही स्पर्धा काढणाऱ्या जॉन कॉलिन्स यांनी लिहिलं होतं की एवढं करा आणि मग जन्मभर मिरवा. आजोबांनी तो कागद फाडला असता. आजची सगळी ‘रेस रिपोर्टं’ त्या एका ओळीची लेकरं आहेत. २०१९ मध्ये गोव्याला अर्धं आयर्नमॅन सुरू झालं आणि बडोदेकरांनाही ते टप्प्यात आलं. अडचण पाण्याची. समुद्र जवळ नाही आणि गावातून वाहणाऱ्या विश्वामित्रीत मगरी. त्यामुळे सगळा सराव पालिकेच्या तरणतलावात, आणि मिरामारला लाट तोंडावर आपटली की पहिली ओळ ठरलेली असते : ‘पोहताना फाटली, पण...’

सायकलवाल्यांची परंपरा त्याहून जुनी आहे. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही १२०० किलोमीटरची शर्यत १८९१ ची. तिथून आलेल्या ब्रेव्हेत, म्हणजे ठरल्या वेळेत लांब पल्ला गाठायच्या सायकलफेरीत, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत आणि ६०० चाळीस तासांत संपवायचे. पहिला-दुसरा क्रमांक नाही, कार्डावर शिक्का मिळाला की झालं. तालमीच्या स्वभावाला मला हेच सगळ्यात जवळचं वाटतं.

किंवा मग परिक्रमा. चैत्रात तिलकवाडा-रामपुरा पट्ट्यात उत्तरवाहिनी नर्मदेची परिक्रमा होते, साधारण एकवीस किलोमीटर, म्हणजे जवळपास अर्धी मॅरेथॉन. गरुडेश्वरला दर्शनाला जाणारी आमची मराठी मंडळी ती वर्षानुवर्षं करत आली, कुणी वेळ लावली नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्यातला एकजण घड्याळ चालू करून गेला. वाटेत नदी नावेतून ओलांडावी लागते आणि तो घड्याळ थांबवायला विसरला. नाव मोटारीची होती. त्या दिवशीचा त्याचा सर्वांत वेगवान किलोमीटर नर्मदेच्या मधोमध नोंदला गेला. दुपारपर्यंत त्याखाली बावीस जणांनी अभिनंदन केलं होतं, आणि एकाने विचारलं होतं, बूट कोणते?