सरोवराचा श्वास

जपानमधल्या शिगा प्रांताचा नकाशा पाहिला की आधी नजरेत भरतं ते मधोमध पसरलेलं बिवा सरोवर. सुमारे ६७० चौरस किलोमीटर, म्हणजे प्रांताचा जवळजवळ सहावा हिस्सा पाण्याखाली. चहूबाजूंच्या डोंगरांवरून शेकडो नद्या-ओढे त्यात येऊन पडतात. निसर्गाने बाहेरची वाट मात्र एकच ठेवली, सेता नदीची. तीच पुढे उजी आणि मग योदो अशी नावं बदलत ओसाकाजवळ समुद्राला मिळते. शिगाची लोकसंख्या चौदा लाखांच्या घरात, पण या पाण्यावर तहान भागवणारे जवळपास दीड कोटी!

जपानच्या ४७ प्रांतांचे गव्हर्नर आपल्या राज्यपालांसारखे नेमलेले नसतात. लोक त्यांना थेट मतदानाने निवडतात. शिगाचा कारभार ओत्सू शहरातून चालतो आणि प्रांतात १३ शहरं, ६ छोटी गावं आहेत. गंमत म्हणजे २००७ पर्यंत हे सरोवर त्यांपैकी कुणाच्याच हद्दीत नव्हतं. केंद्राच्या निधीचा हिशेब करताना क्षेत्रफळही धरलं जातं, म्हणून काठच्या पालिकांनी अखेर पाण्यावर रेषा ओढून वाटणी केली.

पाण्यातल्या घाणीची वाटणी थोडीच होते? १९७७ च्या मे महिन्यात सूक्ष्म शैवालं बेसुमार वाढली आणि पाणी तांबूस झालं. शैवालांना खत मिळत होतं ते कपडे धुण्याच्या पावडरीतल्या फॉस्फरसचंही. गृहिणींनी ती पावडर सोडून साबण वापरायची चळवळ उभारली. तळणाचं वापरलेलं तेल गोळा करून त्याचाही साबण केला. उत्पादकांचा विरोध असूनही १९७९ मध्ये प्रांताच्या विधानसभेने फॉस्फरसयुक्त पावडरीच्या विक्रीवर आणि वापरावर बंदी घातली. १ जुलै १९८० पासून ती लागू झाली. हे देशाच्या संसदेला नव्हे, एका प्रांताला सुचलं, हे मला विशेष वाटतं. १९८३ पासून तर पाचवीच्या मुलांची शाळाच बोटीवर भरते. मुलं तिथे सूक्ष्मदर्शकाखाली सरोवरातले प्लवक पाहतात.

आताचं संकट साबणाने धुतलं जाणारं नाही. सरोवर उत्तरेकडे शंभर मीटरहून थोडं जास्त खोल आहे. उन्हाळ्यात वरचं कोमट, हलकं पाणी झाकणासारखं बसतं आणि तळाशी प्राणवायू पोचत नाही; तिथले जीव आहे तो साठा संपवत राहतात. हिवाळ्यात वरचं पाणी गार होऊन जड होतं, खाली बुडतं आणि प्राणवायू सोबत नेतं. तिथले लोक याला बिवा सरोवराचा ‘खोल श्वास’ म्हणतात. २०१९ चा हिवाळा उबदार गेला आणि निरीक्षणं सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच हा श्वास अर्धवट राहिला. २०२० मध्येही तेच झालं. तळाशी राहणाऱ्या, जगात फक्त इथेच सापडणाऱ्या इसाझा नावाच्या छोट्या माशाला याचा सर्वांत मोठा धोका. २०२१ मध्ये थंडी नीट पडली, पाणी तळापर्यंत ढवळलं गेलं आणि श्वास पूर्ण झाल्याचं प्रांताने जाहीर केलं.