घरगुती गोबर गॅस (कोल्हापूर जिल्हा)

गोठ्यातील शेण पाण्यात कालवून हवाबंद टाकीत कुजविणे, त्यातून निघणाऱ्या वायूवर घरचा स्वयंपाक करणे आणि उरलेली मळी शेतास देणे, हा नित्याचा घरगुती प्रघात. या वायूत मिथेनचे प्रमाण साधारणतः ५५ ते ६५ टक्के असून उर्वरित भाग मुख्यतः कार्बन डाय-ऑक्साइडचा असतो.

भारतातील पहिल्या संयंत्राच्या कालाविषयी मतभेद आहेत. मुंबईत माटुंगा येथील कुष्ठधामात ते १८५९ मध्ये उभारले गेले, असे अनेक ठिकाणी नमूद आढळते. दुसऱ्या मतानुसार ही घटना १८९७ ची आहे. मात्र माटुंग्याचे कुष्ठधाम मुंबईचे तत्कालीन पालिका आयुक्त एच. ए. ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये सुरू झाले, हे लक्षात घेता पहिले वर्ष ग्राह्य धरणे कठीण असून ते एका ग्रंथातून दुसऱ्यात तसेच उतरत गेले असावे. शिवाय तेथील संयंत्र मैल्यावर चालत असे. शेणावरील प्रयोग एस. व्ही. देसाई यांनी दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस केले आणि जशभाई पटेल यांनी १९५०–५१ च्या सुमारास तरंगत्या टोपीचे (म्हणजे वायू साठविणाऱ्या, वरखाली होणाऱ्या झाकणाचे) ‘ग्रामलक्ष्मी’ संयंत्र सिद्ध केले. प्रस्तुत प्रघाताचे मूळ येथे शोधणे अधिक सयुक्तिक ठरते. पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने हाच नमुना स्वीकारला. त्यातील लोखंडी टोपी गंजते आणि महाग पडते, म्हणून विटांच्या स्थिर घुमटाचे ‘जनता’ (१९७८) व त्याहून स्वस्त ‘दीनबंधू’ (१९८४) हे नमुने पुढे आले.

कोल्हापूर जिल्ह्यात दारात म्हैस असणे ही सामान्य गोष्ट असून १९६३ मध्ये स्थापन झालेल्या जिल्हा दूध संघामुळे (‘गोकुळ’) तिला बारमाही उत्पन्नाचा आधार मिळाला. शाहूवाडी, राधानगरी, आजरा, चंदगड या अतिपावसाच्या तालुक्यांत शेणी वाळविणे व जळण कोरडे राखणे पावसाळ्यात जिकिरीचे होते. तेथे या वायूची सोय विशेष जाणवते. काही घरांत शौचालयही याच टाकीस जोडलेले असते.

दोन घनमीटर क्षमतेच्या संयंत्रास रोज सुमारे ५० किलो ताजे शेण, म्हणजे तीन-चार म्हशींचे, लागते आणि चार ते सहा माणसांचा स्वयंपाक त्यावर होतो. शेण व पाणी समप्रमाणात कालवून, त्यातील वैरणीच्या काड्या वेचून काढाव्या लागतात. अन्यथा टाकीत वर साय धरते व वायू अडतो. गोठा फिनेलने धुतलेले पाणी टाकीत जाऊ देऊ नये, कारण त्याने कुजविणारे जीवाणू मरतात. थंडीत वायू कमी बनतो. तेव्हा काला कोमट पाण्यात करण्याची रीत आहे. संयंत्रे बंद पडण्यामागे बांधकामातील दोषांइतकाच, किंबहुना अधिक, या रोजच्या कामातील खंड कारणीभूत असतो, असे मानण्यास जागा आहे.

शेणी जाळल्यास शेणातील नत्र वाया जाते. मळीत ते बहुतांशी टिकते. ही मळी ओली असतानाच पाटाच्या पाण्याबरोबर उसास देतात किंवा खड्ड्यात पाचटावर सोडून तिचे खत करतात.

शहरातील सदनिकांत गोठ्याअभावी हा प्रघात नाही. मात्र खरकट्यावर व पिष्टमय कचऱ्यावर चालणारे, पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने विकसित केलेले छोटे संयंत्र (शाश्वत ऊर्जेसाठीचा ब्रिटनमधील ॲशडेन पुरस्कार, २००६) तेथे गच्चीवर बसविता येते.